फाळक्यावरचे डोळे

१

रंगाला डोळे फुटले होते.

बॉनेटवर, डाव्या दारावर, मडगार्डवर आणि मागे खाली उघडणाऱ्या फाळक्याच्या कोपऱ्यात. टाचणीच्या डोक्याएवढे गोल गोल खड्डे, आणि प्रत्येकाच्या तळाशी खालचा करडा प्रायमर. ताजा निळा रंग त्या जागांवरून चक्क मागे सरकला होता.

मी त्या गॅरेजात दुसऱ्याच कामासाठी गेले होते. मी विम्याची सर्व्हेअर. ठोकलेल्या गाड्या बघायच्या आणि मालक सांगतो तशीच गाडी ठोकली गेली का, ते ठरवायचं, हा माझा धंदा. त्या सकाळी एका चेपलेल्या कारचे फोटो काढून निघणार होते. पण शेडच्या मधोमध ती जुनी पिकअप उभी होती, आणि तिच्या दोन बाजूंना भाऊ-बहीण असे उभे होते की मधून जायची सोय नव्हती.

भाऊ पेंटर. हातात स्प्रे गन तशीच धरलेली, तोंडावरचा मास्क गळ्यात. बहीण पत्रा ठोकणारी. तिला सगळे छोटी म्हणत, चाळिशीला टेकली तरी.

"ही तुझी लांबी," पेंटर म्हणाला. "कच्ची ठेवलीस, आणि वरून प्रायमर मारायला लावलास."

पोचा ठोकून काढला तरी थोडा खळगा राहतोच. तो ज्या लुगदीनं भरून घासून सपाट करतात, ती लांबी. ती नीट वाळली नाही तर वरच्या रंगाचे हाल होतात, हे मलाही माहीत होतं.

"माझी लांबी पक्की होती, दादा."

"मग डोळे कुठं फुटलेत ते बघ ना! जिथं जिथं पोचा होता, तिथंच. चांगल्या पत्र्यावर एक तरी आहे का? दाखव."

छोटीनं गाडीला एक फेरी मारली. परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. एकही नव्हता.

"अण्णांची गाडी आहे ही," पेंटर म्हणाला. "तुला दिली, कारण तुझा हात म्हणे त्यांच्यासारखा. सगळ्या आळीला सांगत होते. आता सांगू दे." त्यानं गन टेबलावर आपटली. "बॅग भर. मोठ्या कंपनीतून आलीस ना, तिकडेच जा परत."

तेवढ्यात वरच्या मजल्यावरून काठी आपटल्याचा आवाज आला. मग अण्णांचा, या दोघांच्या वडिलांचा, जड झालेला आवाज, अडखळत, पण स्पष्ट.

"सर्व्हेअर मॅडमना वर पाठवा. एकट्यांना."

२

शेडमधूनच एक लाकडी जिना वर घरात जात होता. वर पाऊल टाकलं आणि मी जरा थबकले. खाली सगळीकडे प्रायमरची धूळ, आणि इथं कपाटाच्या दारात माझं तोंड दिसत होतं. खुर्च्यांचे हात, खिडकीची चौकट, टीव्हीखालचं टेबल, सगळं लखलखत होतं.

अण्णा खाली शेडमध्ये उघडणाऱ्या खिडकीपाशी खुर्चीत होते. अर्धांगानं त्यांची डावी बाजू गेली होती. जिना उतरणं सोडाच, खुर्चीतून पलंगावर जायलाही त्यांना दोन माणसं लागत. आयुष्यभर ज्या हातानं हातोडी मारली, तो उजवा हात तेवढा शाबूत होता.

"तुम्ही नुसता पत्रा बघून सांगता, कोण खोटं बोलतंय," ते म्हणाले. "आज माझ्या घरात बघा."

"अण्णा, काम बिघडलं असेल. तेवढंच असेल."

"छोटीचं काम?" ते तोंडाच्या एका बाजूनं हसले. "तिला मी शिकवलंय. तिची लांबी कच्ची राहणार नाही. पोराला ते ऐकवत नाही. लहानपणी त्याला म्हणालो होतो, तुझा हात पत्र्याचा नाही, तू रंग शीक. चांगला पेंटर झाला. पण ते वाक्य काही त्याच्या डोक्यातून गेलं नाही."

पेंटरची बायको चहा घेऊन आली. छोटी तिला वहिनी म्हणे, म्हणून मीही तेच म्हणते. पन्नाशीच्या आतली, उभट चेहऱ्याची, हातांवर जुन्या भेगा. कप ठेवण्याआधी तिनं टेबलावरून फडकं फिरवलं. डावीकडून तिरकं खाली, मग उजवीकडून तिरकं खाली, पहिल्या फेरीला छेद देत. टेबल आधीच स्वच्छ होतं.

"घर छान ठेवलंय तुम्ही," मी म्हणाले.

"वेळ असतो," वहिनी म्हणाली. "आता खाली काही काम नसतं मला."

"पूर्वी असायचं?"

"लग्न झाल्यापासून होतं की. घासायचं काम सगळं माझ्याकडे होतं. टेप लावणं, कागद डकवणं, रंग गाळणं. छोटी आल्यावर हे म्हणाले, तू खूप केलंस, आता आराम कर." तिनं माझ्याकडे न बघता साखर विचारली.

खालून छोटीचा आवाज आला. हाक माझ्यासाठीच होती.

"मॅडम, खाली या! माझी बॅग भरून झालीय. पण जायच्या आधी तुम्ही एकदा ही गाडी बघाच."

३

माझ्या पिशवीत एक लोहचुंबक असतो, मऊ कापडात गुंडाळलेला. गाडी आधी ठोकून दुरुस्त केली होती का, ते त्यानं कळतं. उघड्या पत्र्याला तो गच्च धरतो. मध्ये लांबीचा थर असेल तर पकड ढिली पडते.

रंग हाताला लागणार नाही इतका सुकला होता. मी बॉनेटवर डोळे होते तिथं चुंबक टेकवला. पकड ढिली. दारावर, ढिली. मडगार्डवरही तेच. पेंटर हाताची घडी घालून बघत होता. त्याचं म्हणणं शब्दागणिक खरं ठरत होतं, आणि त्याच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं त्याला समाधान म्हणणं जिवावर येतं, पण तेच होतं.

मग मी मागे गेले. फाळक्याच्या उजव्या कोपऱ्यात डोळ्यांचा एक दाट पुंजका होता. तिथं चुंबक लावला.

टक्. असा चिकटला की ओढून काढावा लागला.

मी पुन्हा लावला. जरा बाजूला लावला. अख्ख्या फाळक्यावर फिरवला. सगळीकडे तीच घट्ट पकड.

"इथं लांबी नाहीच," मी म्हणाले.

"नाहीच," छोटी म्हणाली. "तेच दाखवायचं होतं. जुना फाळका गंजून चाळण झाला होता. हा भंगारातून आणलाय. सरळ, एकही पोचा नसलेला. नुसता घासला आणि प्रायमर मारला."

पेंटरनं घडी सोडली. तो पुढे आला, वाकला, बोटाची पेरं त्या डोळ्यांच्या अगदी जवळ नेऊन थांबला. हा फाळका त्यानंच घासला होता. रागाच्या भरात त्याला तो आठवलाच नव्हता.

"म्हणजे लांबीचा दोष नाही," तो हळू म्हणाला.

"नाही. प्रायमरवर कुणीतरी काहीतरी चोळलंय. तेलकट, चमक आणणारं."

"पॉलिश," तो म्हणाला. "पॉलिशचा अंश जरी राहिला तरी रंग असाच पळतो. म्हणून मी शेडमध्ये पॉलिशचा डबा ठेवूच देत नाही."

मी विजेरी आडवी धरली. उजेड तिरका पडल्यावर डोळ्यांची रांग दिसू लागली. ते विखुरलेले नव्हते. तिरक्या ओळी होत्या, एकमेकींना छेदणाऱ्या. पुसणाऱ्या हाताची वाट होती ती.

"काल प्रायमर घासून, थिनरनं पुसून झाल्यावर गाडीजवळ कोण होतं?"

"दुपारी आम्ही दोघं रंग जुळवून आणायला दुकानात गेलो होतो," छोटी म्हणाली. "आज आज सकाळी दादानं कोरडं फडकं फिरवलं आणि गन उचलली. थिनर पुन्हा मारला नाही."

"मग दुपारी शेडमध्ये कोण होतं?"

दोघांनी एकाच वेळी कोपऱ्यातल्या बाकाकडे पाहिलं. तिथं बसलेला म्हातारा सावकाश उभा राहिला.

"मी होतो," तो म्हणाला. "आणि ही पोरगी आली नसती तर बरं झालं असतं, हेही मीच म्हणालो होतो."

४

हे लांबीवाले काका. अण्णांच्या काळापासून इथं लांबी भरत होते. छोटी आल्यापासून त्यांच्याकडे फक्त बादल्या धुणं आणि सामान आणणं राहिलं होतं.

"तिच्या हाताला चव आहे, हे मला दिसतं ना," काका म्हणाले. "म्हणूनच पोटात दुखतं. वाईट काम करत असती तर मी मजेत असतो."

इतका सरळ संशयित मला क्वचितच मिळाला असेल.

"काल दुपारी तुम्ही गाडीला हात लावलात?"

"नाही. कॉम्प्रेसरचा पट्टा तुटला होता, तो आणायला गेलो. शेड उघडी होती. आलो तेव्हा गाडीवरची चादर जशीच्या तशी होती."

"काका, या गाडीला कुठं कुठं पोचे होते?"

त्यांनी बोट दाखवत सांगितलं. बॉनेट, डावं दार, मडगार्ड. तिथं थांबले.

"आणि फाळका?"

"फाळका कुठला या गाडीचा? तो तर मीच भंगारातून डोक्यावर आणला. हिनं पसंत केला, मान माझी मोडली."

मी त्यांना बाकावर सांडलेला चहा पुसायला सांगितलं. ते जरा गोंधळले, पण फडकं घेतलं. गोल गोल फिरवलं, लांबी चोळतात तसं.

मग पेंटरला मी बाजूला घेतलं. त्यालाही तोच प्रश्न विचारला. त्यानंही फाळका सोडूनच बाकीचे पोचे सांगितले.

"तुम्ही मला विचारताय?" तो म्हणाला. "माझ्याच रंगाची मी वाट लावेन?"

"बहिणीला घालवायला लावलीही असतीत."

त्यानं गळ्यातला मास्क ओढून काढला. मग म्हणाला, "मनात यायचं. अण्णा तिला खिडकीतून बघत बसायचे. मी रंग मारताना कधी खुर्ची खिडकीपाशी ओढा म्हणाले नाहीत. पण गाडी बिघडवणं वेगळं, मॅडम. ते माझ्या हातून होणार नाही."

मी त्याला एक साधी गोष्ट विचारली. प्रायमर घासताना हात कसा चालवायचा?

"तिरका. एकदा इकडून, एकदा तिकडून, फुलीसारखा. सरळ घासलं की चर पडतात."

"आणि छोटी?"

"ती मशीननं घासते. कंपनीतली सवय. हातानं घासायला तिला कधी जमलंच नाही." यात त्याला थोडा आनंद झाला.

"हे फुलीसारखं घासणं तुम्ही कुणाला शिकवलंत?"

तो सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात थांबला. मग त्यानं जिन्याकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग गेला.

"इथंच थांबा," मी म्हणाले. "तुम्ही वर येऊ नका."

५

वर अण्णा एकटेच होते. मी त्यांच्यासमोर बसले आणि पिकअपचे पोचे विचारले. त्यांनी डोळे मिटले आणि जुन्या मित्राच्या अंगावरचे व्रण सांगावेत तसे एकेक सांगितले. बॉनेट कधी चेपलं, दार कुठल्या खांबाला लागलं. शेवटी हसले.

"आणि फाळक्याचा उजवा कोपरा. तो आमच्या सूनबाईचा. गाडी शिकत होती, मागे घेता घेता पाण्याच्या टाकीवर घातली. रडायलाच लागली. मी म्हणालो, अगं, गाडीवर सही केलीस तू. तो पोचा मी मुद्दाम काढला नाही. छोटीनं आता काढला असेल."

"तुम्हाला कुणी सांगितलं का, काढला म्हणून?"

"मला इथं कोण येऊन सांगणार? खिडकीतून दिसेल तेवढं बॉनेट दिसतं."

करड्या प्रायमरखाली सगळा पत्रा सारखाच दिसतो. पोचा कुठं होता, ते फक्त जुनी गाडी पाठ असलेल्यालाच कळणार. आणि ज्यानं फाळक्याच्या कोपऱ्यात पॉलिश चोळलं, त्याला जुनी गाडी पाठ होती, पण फाळका बदलल्याचं ठाऊक नव्हतं. खालच्या तिघांना ते ठाऊक होतं. त्यांच्यापैकी कुणी लांबीवर आळ आणायला नव्या फाळक्याला हात लावला नसता. छोटीचं काम बिघडवायला कुणी परका आला असता, तर त्याला एकही जागा सापडली नसती. न जाणणारी माणसं दोनच उरत होती. त्यातलं एक माझ्यासमोर अर्ध्या अंगानं बसलं होतं.

वहिनी स्वयंपाकघरात ओटा पुसत होती. तिरकं, मग उलट तिरकं.

"वहिनी, पिकअपचा फाळका बदललाय, हे माहीत होतं तुम्हाला?"

तिचा हात थांबला.

"बदललाय?"

"भंगारातून आणलाय दुसरा. जुना टाकून दिला."

"कधी?" तिनं वळून पाहिलं. पकडली गेल्याची भीती तिच्या डोळ्यांत अजून पोहोचलीच नव्हती. "त्या कोपऱ्यात माझा पोचा होता. मला कुणी सांगितलं नाही."

ती हळूच खाली बसली, फडकं मुठीत धरून.

"कुणीच सांगितलं नाही," ती पुन्हा म्हणाली. मग मी तिच्याकडे का बघतेय ते तिच्या लक्षात आलं. तिनं मान खाली घातली नाही.

"रोज दुपारी खालून हसण्याचे आवाज येतात, मॅडम. पत्रा, थर, घासायच्या कागदाचा नंबर. ती भाषा माझी होती. मी यांच्याकडून शिकले, नखं झिजवून शिकले. ती आली आणि हे माझ्याशी फक्त जेवणाचं बोलायला लागले. आराम कर म्हणे! मी काय करू आरामाचं? दिवसभर लाकूड पुसते. काल चादर वर केली. प्रायमरवर हात फिरवला. इतका गुळगुळीत होता. माझ्याहून गुळगुळीत." तिचा आवाज फाटला. "ते सहन झालं नाही. वरून पॉलिश आणलं. वाटलं, लांबी कच्ची निघाली म्हणतील, हे चिडतील, ती जाईल. जिथं पोचे होते तिथंच लावलं."

"ती जायला निघालीच आहे. बॅग भरलीय तिनं."

वहिनीनं मुठीतलं फडकं मांडीवर पसरलं आणि त्याची घडी घातली.

"तुम्ही सांगणार खाली?" तिनं विचारलं.

"मी गाड्यांचे अहवाल लिहिते. घरांचे नाही."

ती उठली. पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याआधी जिना उतरू लागली.

६

तिनं सगळ्यांसमोर सांगितलं. दोन वाक्यांत. पेंटरच्या तोंडून नको तेच फुटलं.

"अगं, मी तुला सुट्टी दिली होती. तुझ्या भल्यासाठी."

"मी मागितली होती का?"

नवऱ्याला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बायकोच्या हातावरच्या भेगा दिसत असाव्यात असा तो त्या हातांकडे बघत होता.

मला वाटलं, आता छोटी वहिनीला जवळ घेईल. मी गाड्यांची माणूस, म्हणून असं वाटलं. छोटीनं बॅगेचा पट्टा खांद्यावरून काढला, पण जवळ गेली नाही.

"मला तुझा राग आलाय, वहिनी," ती म्हणाली. "लवकर जाईल असा नाही. तू मला चोर ठरवायला निघाली असतीस तर परवडलं असतं. तू माझं काम खोटं ठरवत होतीस."

"हो," वहिनी म्हणाली.

"आणि दादा, तू. तू एका क्षणात मान्य केलंस. साधं खरवडून बघितलं नाहीस. इतकी वाटच बघत होतास का?"

पेंटरनं मान हलवली, हो की नाही ते कळेना.

"आता या गाडीचा रंग पुन्हा पत्र्यापर्यंत उतरवायचा," छोटी म्हणाली. "पॉलिश आत गेलंय. मशीननं केलं तर ते आणखी पसरेल. हातानं उतरवावं लागेल सगळं. मला हातानं येत नाही." ती वहिनीकडे बघत नव्हती. गाडीकडे बघत बोलत होती. "ज्यानं लावलं, त्यानंच काढायचं. मी शेजारी उभी राहणार. एक जागा जरी सुटली तर पुन्हा पहिल्यापासून."

वहिनीनं बांगड्या काढून टेबलावर ठेवल्या आणि बादली घ्यायला गेली.

मी माझ्या चेपलेल्या कारचे कागद उचलले आणि निघाले. वर अण्णांना काय सांगायचं ते त्या घरानं ठरवायचं होतं.

पुढे त्याच कारच्या शेवटच्या तपासणीला गेले, तेव्हा पिकअप पुन्हा करड्या प्रायमरमध्ये उभी होती. अण्णांना खुर्चीसकट उचलून खाली, गाडीला लागून बसवलं होतं. गाडीच्या एका अंगाला छोटी, दुसऱ्या अंगाला वहिनी. दोघी एकमेकींशी गोड बोलत होत्या असं मुळीच नाही.

"तुझ्या बाजूचा खालचा भाग खरखरीत आहे."

"आधी पत्रा सरळ कर, मग मला सांग."

"सरळच आहे."

"मग हात लावून बघ. डोळ्यांनी काय बघतेस?"

छोटी फिरून पलीकडे गेली, हात लावला, आणि काही न बोलता हातोडी उचलली. वहिनीच्या ओठांचा कोपरा जरासा हलला. अण्णा काठी टेकवून दोघींचं ऐकत होते, मध्येच "कुठं? कुठं? दाखवा," म्हणत होते.

पेंटर शेडच्या दाराशी उभा होता. गन धुऊन पुसून तयार, मास्क गळ्यात.

"रंग कधी मारणार?" मी विचारलं.

"या दोघी हो म्हणतील तेव्हा. सकाळपासून उभा आहे. जवळ गेलो की म्हणतात, धूळ उडवू नकोस." तो क्षणभर थांबला, आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, तुम्ही सगळं ओळखता. मला एवढंच सांगा, या गाडीचा पेंटर नेमका कोण आहे?"

हसत म्हणाला तो. पण हसू ओठांवरच होतं. त्याचे डोळे बायकोच्या हाताकडे होते, आणि तो हात आता सासऱ्यांची बोटं धरून पत्र्यावरून हळूहळू फिरवत होता.